खालच्या फळीचे दहा उंदीर

नवनगर, हुबळी
९ ऑक्टोबर २०२५

मेधा,

प्रियांकाच्या मोबाइलवर तू जे लिहिलंस ते तिनं जेवताना मोठ्यानं वाचलं. "इंदुअक्का, औषध फेल गेलं, पाच वर्षं पाण्यात, सर म्हणतात आकडे बदल." सगळे घास हातात धरून बसले. आमचा नातू मयूर विचारतो, कुणाला दिलं औषध, कोण गेलं? नातीच्या मोबाइलवर असलं लिहू नकोस. फोनही करू नकोस. उजवा कान गेला, डाव्यात भुंगा वाजतोय. कागदावर लिही. मी सातवी पास आहे, वाचता येतंय मला. धारवाडहून नवनगरला टपाल चार दिवसांनी येतंय, येऊ दे. तोवर मी काय मरत नाही.

आता नीट सांग. जांभळाच्या बियांची ती पूड ना? तीन आठवडे सांगत होतीस, उंदरांची साखर उतरतीय, उतरतीय. मग एका दिवसात कशी चढली?

आणि तुझे गाइड पद्मनाभसर आकडे बदल म्हणाले हे ऐकून मला किळस आली. एकोणतीस वर्षं मी तुमच्या उंदीरखोलीत काढली. नवरा तिथं ड्रायव्हर होता, तो गेला म्हणून त्याच्या जागी मला घेतलं आणि पिंजरे धुवायला लावलं. मुतानं भिजलेला भुसा हातानं उपसला. आईनं अर्धं खाल्लेलं पिल्लू चिमट्यानं काढलं आणि वर जाऊन डबा खाल्ला. कधी मळमळलं नाही. उंदीर घाण करतोय, पण झाकून ठेवत नाही. ही कोट घातलेली माणसं झाकतात.

गेल्या वर्षी खोली नवीन केली, तेव्हा मला बोलावलं होतं, आठवतंय ना? पाहुण्यानं नाकाला रुमाल लावून रिबीन कापली. आधी सगळीकडे सेंट मारला. फोटोत पांढरा शुभ्र दिसायला पाहिजे म्हणून एका उंदराला शांपूनं आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी तो गारठून मेला. फोटो अजून ऑफिसात लागलाय. माझा तराजू अडगळीत गेला. माझा लाल दोरा पण काढून टाकला. उंदरांना उपाशी ठेवायचं असलं की मी दाराच्या कडीला लाल दोरा बांधायची. झाडूवालीपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना कळायचं, आज आत काही घालायचं नाही. उंदीरखोलीची कमिटी म्हणाली दोऱ्यानं जंतू येतात. आता इंग्रजी कागद चिकटवतात. चिकटवू दे.

आकडा बदलू नकोस. जे झालं ते लिही. बदललास तर माझ्या दारात येऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, दरवेळी लिहीत बसत नाही.

इंदुमती

•

मळमड्डी, धारवाड
१४ ऑक्टोबर

इंदुअक्का,

दोन दिवस जेवण जात नव्हतं, तुमचं पत्र वाचून जेवले. आईनं विचारलं, कुणाचं आलंय? म्हटलं, माझ्या पहिल्या गाइडचं. उंदीर शेपटीला न धरता कसा उचलायचा ते तुम्हीच शिकवलंत. सरांनी पाच वर्षांत एकही उचललेला मी बघितला नाही.

झालं ते असं. तीस उंदीर होते. वरच्या फळीवर दहा चांगले. मधल्या फळीवर दहा, त्यांना सुई देऊन साखर चढवलेली, औषध काही नाही. खालच्या फळीवर दहा, त्यांनाही साखर चढवलेली, पण रोज माझी पूड पाण्यात कालवून पाजलेली. अठ्ठावीस दिवस. तिसऱ्या आठवड्यात खालच्यांची साखर एकशेचाळीसच्या आसपास आली होती. शेवटचं रक्त दसऱ्याच्या सकाळी काढायचं होतं. दिवस मोजून तोच आला, सुट्टी असो नसो. आदल्या दिवशी, नवमीला, दुपारी दोन वाजता पिंजरे बघणाऱ्या चेतननं खाण्याचे डबे रिकामे केले आणि दाराला कागद लावला. सकाळी सहाला मी रक्त काढलं. खालच्या फळीचे दहाच्या दहा साडेतीनशेच्या वर. एक तर चारशे दहा. औषध न दिलेल्या मधल्या फळीपेक्षा जास्त.

मी तीनदा मशीन तपासलं. त्याच दिवशी नियमाप्रमाणे सगळ्या उंदरांना संपवून लिवर वगैरे काढून घेतलं, म्हणजे आता परत रक्त काढायला उंदीरही नाहीत.

सर म्हणतात, तिसऱ्या आठवड्याचेच आकडे थोडे कमी-जास्त करून चौथ्यात भर. डिसेंबरात प्रबंध द्यायचाय. जानेवारीत त्यांचा साठीचा सत्कार आहे, त्यात या औषधाची घोषणा व्हायचीय. हॉल बुक झालाय, शाली आल्यात. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, चेतननं डबे काढलेच नसणार, सणाच्या गडबडीत झोपला असणार. चेतन रडतोय, "नंदु तप्पिल्ल री" म्हणून दोन्ही पोरांची शपथ घेतोय, त्याची चूक नाही म्हणून.

तुम्ही नवमीला आयुधपूजेला आला होतात ना संध्याकाळी? दरवर्षी येता म्हणून विचारते. डबे रिकामे दिसले काय? तुम्ही नुसतं हो म्हणालात तरी चेतन सुटेल.

आकडा मी बदलणार नाही. तुम्ही आहात म्हणून जोर आहे.

मेधा

•

नवनगर
१८ ऑक्टोबर

मेधा,

पत्र मिळालं. इथं दिवाळीची गडबड आहे. चकलीचं पीठ सैल झालं. सुनेला सांगितलं होतं, ऐकत नाही. माझा गुडघाही बरा नाही.

नवमीला आले होते. तराजूला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, परत आले. डब्याचं माझ्या लक्षात नाही. वयाप्रमाणे होतंय.

तू फार ताणू नकोस. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणून काय मिळणार आहे? पाच वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. तुझ्या बाबांनी पेन्शनीतून शिकवलंय. सर म्हणतात तसं लिही आणि मोकळी हो. दहा उंदरांसाठी कुणी जन्म घालवत नाही.

चेतनचं ते लोक बघून घेतील.

आता पत्र नको टाकूस, दिवाळी होऊ दे.

इंदुमती

•

मळमड्डी
२६ ऑक्टोबर

इंदुअक्का,

दिवाळी झाली. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. अक्षर तुमचं आहे. बाकी काही तुमचं वाटत नाही. एकदा पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर मी उंदराचं वजन दोन ग्रॅम जास्त लिहिलं होतं, तर तुम्ही मला पुन्हा खाली पाठवलं होतंत, आठवतंय? पाऊस होता, लाइट नव्हती. "उंदराला विचारून ये," म्हणाला होतात.

मग मला वाटलं, तुमचंच बरोबर असेल. तुम्ही एकोणतीस वर्षं बघितलंय, मी पाच. तुम्हीसुद्धा सोडून दे म्हणता तर त्यात काही तरी असेल.

सरांनी तक्ता स्वतःच करून ठेवलाय. एकशे बत्तीस, एकशे अडतीस, एकशे एकतीस. इतके सरळ आकडे उंदरांचे कधी नसतात. खाली माझ्या सहीची जागा आहे. सोमवारी, तीन तारखेला, सही करायची. चेतनच्या नावानं मेमो निघालाय, कामात हयगय म्हणून. त्यालाही सोमवारपर्यंत मुदत. तो आता माझ्याशी बोलत नाही. माझी नजर चुकवून पिंजरे धुतो.

मी सही करणार आहे, अक्का. म्हटलं तुम्हाला कळवावं. तुमच्या दारात येऊ नकोस म्हणाला होतात ते लक्षात आहे, पण नंतरचं पत्रही तुमचंच आहे.

मेधा

•

नवनगर
३१ ऑक्टोबर

मेधा,

हे टपालात टाकत नाही. मयूर कामावर जाताना चिगरी बसनं धारवाडला येतोय, तो तुझ्या हातात देईल. आईच्या हातात नको म्हणून सांगितलंय. वाचल्याशिवाय सही करू नकोस.

डबे रिकामे होते. चेतननं काम बरोबर केलं होतं. ते बिघडवलं मी.

नवमीला सहाच्या सुमाराला मी आले. कोण नव्हतं, वॉचमननं चावी दिली, मला ओळखतोय. तराजू अडगळीतून काढला, पुसला, पूजा केली. मग दारातनं आत गेले. कडीला दोरा नव्हता. कागद होता, पण त्या भिंतीला पंधरा कागद आहेत, चष्माही घरी राहिला होता, मी काही तो वाचला नाही. आत बघते तर सगळे डबे मोकळे. उंदीर जाळीला नाक लावून उभे. मला वाटलं, सण म्हणून हे लोक उंदरांना खायला न घालता घरी पळाले. खाण्याच्या खोलीला कुलूप. माझ्याकडं नैवेद्याला आणलेले अर्धा किलो पेढे होते. खालच्या फळीवरच्या दहा जणांना एकेक अख्खा पेढा घातला. खांदा वर जात नाही, म्हणून वरच्या दोन फळ्यांना नाही घातला. त्यांची माफी मागितली, खोटं नाही सांगत.

उंदीर असला जिन्नस लगेच संपवत नाही. भुशात पुरून ठेवतोय, रात्रभर काढून काढून खातोय. तुझी सुई शेपटीला लागली तेव्हा तोंडात असेल. साखर चढेल नाही तर काय होईल.

तुझं चौदा तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. मग तुला ते चकलीचं पत्र लिहिलं.

आता जे सांगायचं ते सांगते. मोकळे डबे बघून मला राग आला असं मी स्वतःला सांगत होते. राग नव्हता. मला बरं वाटलं होतं. माझ्यामागं खोली बिघडली, या लोकांना जमत नाही, हे बघून मला बरं वाटलं. पेढा घालताना मी मनात म्हणत होते, बघा, अजून इंदुमतीच लागतीय. नाही तर वॉचमनला विचारलं असतं. चेतनला फोन लावायला सांगितलं असतं. एका हाकेचं काम होतं. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं.

मुतात हात घालताना आली नाही ती किळस मला आता येतीय. भाकरी हातात घेतली की येतीय. सरांना मी काय काय बोलले. ते आपली शाल वाचवायला झाकतायत, मी आपली एकोणतीस वर्षं. फरक कुठं आहे?

या पत्राच्या मागं मी मराठीत आणि मला येतंय तसल्या कन्नडमध्ये सगळं लिहून सही केलीय. ते कमिटीत दे. चेतनला मेमो द्यायचा असेल तर मला द्या म्हणावं, पेन्शन कापा म्हणावं. सोमवारी मी स्वतः येतीय. दहा वाजता तुमच्या इमारतीच्या गेटात उभी राहीन.

त्या दहांचं एक वाटतंय. दुसऱ्या दिवशी तुझ्या हातून जायचेच होते. मला वाटलं होतं मी त्यांचा सण केला. तेवढं तरी खरं धरू काय, ते तू सांग. नको, सांगू नकोस.

इंदुमती

•

मळमड्डी
२० नोव्हेंबर

इंदुअक्का,

तीन तारखेला बाहेर आल्यावर तुम्ही थेट बसमध्ये बसलात, म्हणून आत काय ठरलं ते लिहून कळवते. तुम्हाला सगळं ऐकूही आलं नसेल. न विचारलेल्या दोन प्रश्नांची तुम्ही उत्तरं दिलीत.

सरांनी आधी कमिटीला सांगितलं की चेतननं म्हातारीला पढवून आणलंय. मग तुम्हाला ओरडून विचारलं, आजी, पेढा किती ग्रॅमचा होता? तुम्ही म्हणालात, तुमच्या सत्काराला वाटता तेवढाच. कमिटीच्या बाई पाणी पीत होत्या, त्यांना ठसका लागला. मग त्यांनीच विचारलं, दारावर स्पष्ट लिहिलं होतं, वाचलं का नाही? तुम्ही म्हणालात, "बाई, तुमच्या जिन्यात 'थुंकू नका' लिहिलंय, त्याच्या खालची भिंत बघून या."

त्या खरंच बघून आल्या. नंतर चेतननं न सांगता एक काम केलं. दसऱ्याच्या भुशाची पोती जाळायला जायची राहिली होती. खालच्या फळीचं पोतं तो कमिटीपुढं घेऊन आला आणि टेबलावर ओतलं. लेंड्यांमधून चार वाळलेले तुकडे निघाले. सरांनी नाकाला रुमाल लावला. बाईंनी एक तुकडा उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, पेढाच आहे.

मेमो मागं घेतला. चेतनची मी माफी मागितली. तो म्हणाला, "होगली बिडी री मेडम," जाऊ द्या म्हणून. पण पिंजरे अजून माझ्याकडं पाठ करूनच धुतो.

माझा प्रयोग पहिल्यापासून. नवे तीस उंदीर जानेवारीत येतील. डिसेंबरचा प्रबंध गेला. माझी स्कॉलरशिपही डिसेंबरात संपतीय, म्हणून सकाळी एका ट्यूशन क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायला लागले. बाबा पेपर उलटा धरून बसले. सर माझ्याशी चिठ्ठ्यांतून बोलतात. जुना प्रयोग वाया का गेला तेही प्रबंधात लिहायचं, असं कमिटीनं ठरवलंय. सर म्हणतात 'अनियोजित आहार' लिही, 'पेढा' लिहू नको, बाहेरचे परीक्षक हसतील. मी पेढाच लिहिणार.

आणखी एक ठरलंय, ते मला लिहायला जड जातंय. तुम्हाला उंदीरखोलीत यायला बंदी. पूजेलासुद्धा. रजिस्टरमध्ये नावानिशी लिहिलंय.

तुमच्यावर मी रागावले होते. चकलीच्या पत्रासाठी, पेढ्यासाठी नव्हे. आता राग आहे की नाही ते बघायला वेळ नाही.

मेधा

•

नवनगर
२७ नोव्हेंबर

मेधा,

बंदी बरोबर आहे. मी असते तर मीही घातली असती, आणि आधीच.

राग ठेव. लगेच सोडू नकोस, त्यानं काम होतंय.

सोबत लाल दोऱ्याचं रीळ पाठवतीय. जंतू म्हणतात तर उकळून वाळवलंय, कमिटीला सांग. कागद त्यांचा राहू दे, दोरा आपला बांध. इंग्रजी न येणारी माणसं अजून त्या इमारतीत झाडू मारतात, दिवे बदलतात, चावी देतात.

नवे उंदीर आले की पहिले पाच दिवस त्यांच्याशी बोल. काय बोलतीस ते महत्त्वाचं नाही. माणसाच्या आवाजाला बुजणारा उंदीर भीतीनंच साखर चढवून घेतोय.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराची पानं असतात, त्यात माझं नाव घालायचं तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. त्या इमारतीतली पन्नास तरी पुस्तकं मी पुसून ठेवलीत. प्रियांकाच्या बापाकडून एकदा वाचून घेतलं होतं. देवाचे आभार, सरांचे आभार, सरांच्या बायकोनं उपमा करून दिला त्याचे आभार. उंदराचे नाहीत. तिथं मला बसवू नकोस.

इंदुमती

•

मळमड्डी
६ जुलै २०२६

इंदुअक्का,

सात महिने लिहिलं नाही. बोलत होते, पण उंदरांशी.

प्रबंध परवा दिला. औषध चालतंय, पण सर सांगत होते त्याच्या निम्मंच. साखर एकशेनव्वदपर्यंत उतरते, मग तिथंच थांबते. मशीन मी तीनदा तपासलं नाही, एकदाच. सरांचा सत्कार जानेवारीत झाला, औषधाची घोषणा काही झाली नाही. शाली वाटल्या, पेढे नव्हते. केक होता.

दोरा रोज बांधला. एकदा मी विसरले, तर चेतननं बांधला. तेव्हापासून तोंड माझ्याकडं करून पिंजरे धुतो.

आभारात तुमचं नाव नाही. पण पान चौसष्टची झेरॉक्स पाठवतीय. इंग्रजीत आहे, प्रियांकाकडून मोठ्यानं वाचून घ्या, जेवताना घेतलंत तरी चालेल. सरांनी तुमचं नाव खोडून 'एक माजी कर्मचारी' केलं होतं. मी ते परत घातलं.

दारात अजून येऊ नकोस म्हणताय काय?

मेधा

•

नवनगर
११ जुलै

मेधा,

प्रियांकानं वाचलं. एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. मयूरनं परत विचारलं, कोण मेलं? या वेळी मी सांगितलं.

"एक ऑक्टोबरला संध्याकाळी इंदुमती गणपत शिंदे, प्राणिगृहाच्या निवृत्त कर्मचारी, यांनी खालच्या फळीच्या दहा उंदरांना प्रत्येकी एक पेढा घातला. दारावरची सूचना त्यांना वाचता येईल अशी नव्हती, आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. म्हणून ही दहा मापं धरलेली नाहीत."

त्या इमारतीतल्या पुस्तकात माझ्यावरची ही पहिली ओळ. चुकीबद्दल आली. सून म्हणाली, फाडून टाका, कुणी बघितलं तर काय म्हणेल. मी तिला सांगितलं, एकोणतीस वर्षांत तिथं लिहिलेलं एवढंच मला पटलंय. तुझी दुसरी ओळ तर मला बसून परत वाचून घ्यावी लागली. विचारलं नाही. तेच होतं.

झेरॉक्स घडी करून तराजूखाली ठेवलीय. तराजू आता माझ्याकडं आहे, चेतननं मयूरबरोबर पाठवला. अडगळीतून काढताना रजिस्टरमध्ये नोंद केलीय, अशी चिठ्ठी पण पाठवली. शिकतोय.

जेवायला ये. पेढे आणू नकोस.

दोरा कुणाला तरी देऊन ये, बरोबर घेऊन येऊ नकोस.

इंदुमती